स्वल्पविरामांची घंटी

पालिकेच्या आरोग्य समितीनं एकमतानं ठराव केला, की बाजारामागच्या वाचनालयात रोज सकाळ-संध्याकाळ जंतुनाशक टाकावं, दारांना आतून कड्या बसवाव्यात, आणि स्त्रियांना तिथे रांगेत ताटकळावं लागतं त्यावर तातडीनं काहीतरी करावं. ठराव टाइप झाला, त्यावर सही झाली, शिक्का बसला, आणि एका सकाळी सफाईची माणसं बादल्या आणि खराटे घेऊन खरोखरच वाचनालयाच्या दारात उभी राहिली. ग्रंथपालबाईंनी त्यांना आधी हसून, मग रडकुंडीला येऊन आणि शेवटी छत्री उगारून बाहेर काढलं. तोवर चरित्रांच्या कपाटाखाली जंतुनाशक पडलं होतंच.

हा ठराव टाइप करणारे गृहस्थ म्हणजे आपले स्वल्पविराम. हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. नोकरीत असताना ते कुणाच्याही मसुद्यात, अगदी आयुक्तांच्यासुद्धा, लाल शाईनं स्वल्पविराम घालत. चांगलं धावणारं वाक्य दिसलं की त्यांना ते अडवल्याशिवाय चैन पडत नसे. कचेरीनं वैतागून हे नाव ठेवलं आणि त्यांनी ते पदवीसारखं मिरवलं. निवृत्त झाल्यावर कचेरीतल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलं, पण कंत्राटावर एक काम त्यांच्याकडे राहिलं. समित्यांच्या बैठकांचं ध्वनिमुद्रण घरी यायचं, ते ऐकून इतिवृत्त लिहून द्यायचं.

त्या कामाला ते जिवापाड जपत. घरात नुसतं बसलेल्या माणसाला कुणीही उठवतं, जरा भाजी आणा, जरा बल्ब बदला. घरी काम करणाऱ्या माणसाच्या खोलीचं दार मात्र ओढून घ्यावं लागतं. ते ओढलेलं दार स्वल्पविरामांना हवं होतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर ग्रंथपालबाईंची छत्री उगारली गेली त्याच दुपारी सचिवबाईंचा फोन आला.

"सर, तो वाचनालयाचा ठराव... तिथे शौचालय आहे हो."

या सचिवबाई एके काळी स्वल्पविरामांच्या हाताखाली होत्या. त्यांच्या पहिल्याच मसुद्यात यांनी इतकी लाल शाई ओतली होती, की बाई तो कागद घेऊन जिन्यात रडत बसल्या होत्या. आता त्या समित्यांच्या सचिव. अजूनही 'सर' म्हणत, आणि ते 'सर' हल्ली स्वल्पविरामांच्या घशाखाली नीट उतरत नसे.

"माझ्या टायपिंगमध्ये चूक?"

"एक नाही सर. मागे 'सहीची गरज आहे' तिथे तुम्ही 'वहीची गरज आहे' लिहिलंत. भांडारवाल्यांनी गठ्ठाभर वह्या पाठवल्या."

"मग घंटी वाजली नसणार."

"काय वाजली नसणार?"

"घंटी. तांत्रिक बाब आहे ती. बघतो मी."

"लवकर बघा सर. कंत्राटाचा कागद सोमवारी सहीला जातोय. आणि वरून विचारणा आहे, की बोललेलं आपोआप लिहून काढणारं यंत्र मिळतं हल्ली, मग हे काम त्यालाच का देऊ नये."

फोन ठेवल्यावर स्वल्पविरामांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. यंत्र! यंत्राला स्वल्पविराम कुठे द्यायचा हे तरी कळतं का?

आता ही घंटी काय भानगड होती ते सांगायला हवं. स्वल्पविरामांच्या डाव्या कानावर हेडफोन, त्यात समिती. पायाखाली पेडल. दाबलं की समिती बोलणार, सोडलं की गप्प. प्रत्यक्ष सभेत ही सोय असती तर किती बरं झालं असतं, असं ते नेहमी म्हणत. डोळे मिटलेले. पडद्याकडे बघत टाइप करणारा माणूस त्यांच्या मते अजून शिकाऊ. आणि उजवा कान मोकळा, घंटीसाठी. त्यांचा कॉम्प्युटर जुना, त्यावर भाच्यानं लिनक्स नावाची प्रणाली घालून दिली होती आणि लिहिण्यासाठी एक साधा, काळ्या खिडकीतला एडिटर लावून दिला होता. शब्दकोशात नसलेला शब्द उमटला, की एडिटर टुण् करायचा. 'समिती'ची 'समीती' झाली, टुण्. डोळे न उघडता मागे जायचं, दुरुस्त करायचं, पुढे चालायचं. भाच्यानं मध्यंतरी कधीतरी नवी आवृत्ती चढवली, आणि तेव्हापासून ही घंटी गेली.

घंटी गेल्याचं त्यांना तसं नवल वाटलं नव्हतं. कारण त्यांच्या मते अलीकडे सगळ्याच यंत्रांनी इशारे देणं सोडलं होतं. कपडे धुवायचं मशीन पूर्वी काम संपलं की पिपाणी वाजवायचं, आता मुकाट थांबायचं. इमारतीची लिफ्ट मुकी झाली होती. दारावरची नाजूक बेल बंद पडली म्हणून बायकोनं घोगऱ्या आवाजाची नवी बसवून घेतली होती. "अहो, मशीन केव्हापासून बोंबलतंय," असं बायको कधी म्हणाली, की ते म्हणत, "तुझा भ्रम आहे. हल्लीचा मालच तकलादू." यावर बायको एकदा त्यांच्याकडे बघायची आणि कपडे वाळत घालायला जायची.

असो. त्यांनी भाच्याला फोन लावला.

"मामा, घंटी गेली नाहीये. ती म्यूट झालीये."

"कुणी केली?"

"नव्या आवृत्तीनं."

"कुणाच्या परवानगीनं?"

"मामा, असं नसतं ते. हे बघा, एडिटर स्वतः आवाज काढत नाही. तो टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या खिडकीला सांगतो. टर्मिनल डेस्कटॉपला सांगतं. डेस्कटॉप आवाजाच्या सर्व्हरला सांगतो, तो खाली कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला सांगतो. मध्ये कुठेतरी कुणीतरी नाही म्हणतंय."

आयुष्यात प्रथमच स्वल्पविरामांना भाच्याचं बोलणं एका झटक्यात कळलं. उभा जन्म त्यांनी हेच तर पाहिलं होतं.

"म्हणजे फाइल अडली आहे," ते म्हणाले. "कुठल्या टेबलावर?"

"तेच शोधावं लागेल. रात्री सवडीनं बघतो, तुमच्या मशीनवर इथूनच येता येतं मला."

सवडीनं! सोमवार तोंडावर आलेला आणि म्हणे सवडीनं. स्वल्पविरामांनी ठरवलं, की प्रकरण स्वतःच हाती घ्यायचं. ही प्रणाली वापरणाऱ्या मराठी मंडळींचा इंटरनेटवर एक गट होता. तिथे त्यांनी रीतसर निवेदन केलं. आता एडिटरला ते 'एडिटर' म्हणतील तर ते स्वल्पविराम कसले? त्यांनी लिहिलं: 'सविनय निवेदन आहे की, आमचे संपादक, नवी आवृत्ती आल्यापासून, पूर्णपणे मूक झाले आहेत. पूर्वी चूक होताच ते आवाज करीत. कृपया उपाय सुचवावा.'

पहिलं उत्तर आलं, "कोणत्या वृत्तपत्राचे?" दुसऱ्यानं लिहिलं, "वाईट वाटलं. वय काय होतं?" तिसऱ्यानं देशातल्या पत्रकारितेच्या ऱ्हासावर लांबलचक मजकूर लिहिला आणि त्याला भराभर पसंत्या मिळाल्या. स्वल्पविरामांनी खुलासा केला, की संपादक म्हणजे मजकूर लिहिण्याचं साधन. मग जे सुरू झालं ते विचारू नका. एक म्हणाला हा एडिटर मुळात वापरताच कशाला, माझा वापरा. दुसरा म्हणाला तुझ्या एडिटरमधून बाहेर कसं पडायचं तेच कुणाला कळत नाही. दोघे एकमेकांच्या अकलेवर घसरले, गटाचे दोन तट पडले, आणि घंटीचा कुणाला पत्ता राहिला नाही. शेवटी एक महाशय उगवले आणि म्हणाले, "काका, आधी कान तपासून घ्या."

स्वल्पविराम संतापानं लाल झाले. त्यांनी या इसमाविरुद्ध गटाच्या व्यवस्थापकांकडे तक्रार केली, मुद्देसूद. व्यवस्थापकांनी ती वाचली आणि विषयांतर केल्याबद्दल स्वल्पविरामांनाच गटातून काढून टाकलं.

"तुम्ही कशाला त्या फंदात पडलात?" बायको म्हणाली. "वरच्यांना विचारा की."

वरचे म्हणजे वरच्या मजल्यावरचे शेजारी. हयातभर एका कंपनीत लिफ्टची देखभाल करत होते आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे लिफ्टमधला एक अनुभव असे. त्यांना विचारावं लागू नये म्हणून स्वल्पविराम एवढा वेळ गटावर झुंजत होते. पण भिंतींनाही कान असतात आणि वरच्यांना तर चार होते. संध्याकाळी ते न बोलावता, काखेत डब्याएवढा स्पीकर मारून हजर झाले.

"घंटी ना? अहो, घंटी हा माझा जन्माचा विषय. लिफ्टची घंटी वाजेना, की नव्वद टक्के वेळा घंटीचा दोष नसतोच. बाजूला व्हा."

स्वल्पविराम आपल्याच खुर्चीवरून उठून बाजूला झाले. वरच्यांनी वायर न लावता तो स्पीकर कॉम्प्युटरला जोडला, इकडे तिकडे टिचक्या मारल्या, आणि इशाऱ्याच्या आवाजांची यादी काढली. थेंब, काच, आणि कुत्र्याचं भुंकणं.

"कुत्रा लावा," वरचे म्हणाले. "कुत्रा ऐकू येतोच."

"मी समितीचं इतिवृत्त लिहीत असताना माझ्यावर कुत्रं भुंकणार?"

"त्याला काय होतंय?"

"काच," स्वल्पविराम ठामपणे म्हणाले. नाजूक पेल्यावर नखानं टिचकी मारावी तसला तो आवाज, निदान चारचौघांत सांगता येण्यासारखा होता. पण काच काय, थेंब काय नि कुत्रा काय, काहीच वाजलं नाही. वरच्यांनी स्पीकर हलवला, त्याला कान लावला, त्याच्यात फुंकर मारली. मग 'तुमची वायरिंगच जुनी आहे,' असा निकाल देऊन स्पीकर काखेत मारला आणि वर गेले. जाताना त्यांनी एक बटण दाबून ठेवलं होतं, तेव्हापासून चूक झाली की आवाज होवो न होवो, अख्खा पडदा पांढराफटक चमकायचा. त्याला म्हणे दृश्य घंटी म्हणतात. डोळे मिटून टाइप करणाऱ्या माणसाला दृश्य घंटी! स्वल्पविरामांनी नाइलाजानं डोळे उघडे ठेवून पाहिले, तर दर दोन ओळींना खोलीत वीज चमकत होती. दारातून जाता जाता बायको थबकली, केस सारखे केले आणि म्हणाली, "फोटो काढताय का?"

तिकडे भाच्यानं रात्री शोध लावला आणि सकाळी फोन केला.

"मामा, सापडलं! घंटीला काळ्या यादीत टाकलंय."

"काळ्या यादीत? काय केलं होतं तिनं?"

"लोकांना त्या आवाजाचा त्रास व्हायचा म्हणे. म्हणून बनवणाऱ्यांनीच बंद करून टाकली."

"तिचं म्हणणं ऐकून घेतलं होतं का?"

"कुणाचं?"

"काही नाही," स्वल्पविराम म्हणाले. इतकी वर्षं निमूट काम केलेल्याला एका सकाळी कुणीतरी यादीत टाकतं आणि तो गप्प होतो, याचं त्यांना फार वाईट वाटलं. घंटीचं वाटलं असं ते समजत होते.

"काढलीये मी तिला यादीतून," भाचा म्हणाला. "बाकीच्या टेबलांवरही सह्या घेतल्या. आता वाजेल. इकडून बघतोय मी, आवाज जातोय."

पण वाजली नाही. स्वल्पविरामांनी मुद्दाम 'समीती', 'परीषद', 'नागरीक', लिहायलाही लाज वाटावी असले शब्द उमटवून पाहिले. पडदा चमकला, आवाज ढिम्म. बायकोला बोलावलं, तिलाही काही ऐकू आलं नाही, आणि या एका गोष्टीनं त्यांना विलक्षण बरं वाटलं. ती म्हणाली नाही म्हणजे नाही. भाचा बिनकामाचा आहे असं ठरवून ते निमूट कामाला लागले, आणि आठवड्याचा उरलेला भाग त्यांनी आंधळ्यासारखं, छे, बहिऱ्यासारखं टाइप करण्यात घालवला.

शनिवारी जिन्यात वरच्या वहिनी भेटल्या. त्यांनी अतिशय मायेनं विचारलं, "आज सकाळी बरं नव्हतं का तुम्हाला? फार चुका झाल्या हो."

स्वल्पविराम पायरीवरच थांबले. "काय म्हणालात?"

"नाही, काल कशा कमी होत्या. परवा तर तासभर एकही नाही, मी यांना म्हटलंसुद्धा, आज भावोजींचं छान चाललंय. आज मात्र सकाळपासून टुण् टुण् टुण्. ती खालची मुलं म्हणत होती, काकांचा आज निकाल लागला."

कॉम्प्युटर वरच्यांच्या स्पीकरला विसरला नव्हता. घंटी ज्या क्षणी काळ्या यादीतून सुटली, त्या क्षणी ती छत ओलांडून सरळ वर गेली होती आणि वरच्यांच्या बैठकीत जाऊन वाजत होती. स्वल्पविरामांची एकूण एक चूक, प्रत्येक ऱ्हस्व आणि प्रत्येक दीर्घ, वरच्यांकडे चहाला आलेल्या प्रत्येकानं ऐकली होती. ज्यानं आयुक्तांना व्याकरण शिकवलं, त्याच्या चुकांवर इमारत पैजा लावत होती! स्वल्पविराम तरातरा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. बायकोनं पाणी आणून ठेवलं ते प्यायले नाहीत.

अखेर वरच्यांनाच लाज वाटली. ते खाली आले, स्पीकरची जोडणी तोडली, दृश्य घंटीचं ते बटण काढलं, आणि आवाज कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोटात आणून सोडला. स्वल्पविरामांनी 'समीती' लिहिलं.

"वाजलं!" वरचे म्हणाले.

"वाजलं की," बायको म्हणाली.

"कुठे?" स्वल्पविराम म्हणाले.

त्यांनी पुन्हा लिहिलं. दोघांनी पुन्हा 'वाजलं' म्हटलं. स्वल्पविरामांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. त्यांच्या ध्यानात सगळा डाव आला. हे दोघे या भानगडीला कंटाळलेत. म्हाताऱ्याला 'वाजलं' म्हणून सांगायचं आणि मोकळं व्हायचं. बायकोसुद्धा सामील!

"असं? मग दोघं भिंतीकडे तोंड करा," ते म्हणाले. "मी लिहितो. वाजलं की हात वर करा. बघतो किती खरं बोलताय."

वरच्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते संकोच आला. पण बायको मुकाट भिंतीकडे वळली, म्हणून तेही वळले. स्वल्पविरामांनी एक शुद्ध शब्द लिहिला. हात खालीच. अशुद्ध लिहिला. दोन हात वर. पुन्हा शुद्ध, पुन्हा शुद्ध, मग अशुद्ध. हात बरोबर अशुद्धालाच वर. त्यांनी वेग वाढवला, हूल दिली, अर्धा शब्द लिहून थांबले. हात काही चुकेनात. बायकोचा हात तर वरच्यांच्या आधी जात होता, आणि तो खाली घेताना ती जरा जास्तच वेळ लावत होती.

"बटणांचा आवाज ओळखताय तुम्ही," स्वल्पविराम शेवटी म्हणाले.

"अहो," बायको भिंतीकडेच बघत म्हणाली, "एकदा जाऊन येऊ या ना. नुसतं दाखवून येऊ."

"कुठे?"

"तुम्हाला माहितीये कुठे."

"मला काहीही माहीत नाही," स्वल्पविराम म्हणाले. "घंटी दुरुस्त झालेली आहे. तुम्ही दोघं साक्षीदार आहात. विषय संपला."

वरचे स्पीकरशिवायच आले होते, तरी काहीतरी विसरल्यासारखे इकडे तिकडे बघत निघून गेले. लिफ्टमधला अनुभव त्यांनी सांगितला नाही.

सोमवारी स्वल्पविराम इस्त्रीचा शर्ट घालून पालिकेत गेले. जुन्या कचेरीत जाताना माणूस ओळखीचे चेहरे शोधतो. त्यांना एक शिपाई तेवढा ओळखीचा सापडला, तो सचिवबाईंच्याच दारात बसला होता. बाईंनी उठून खुर्ची दिली. टेबलावर कंत्राटाचा कागद होता.

"काम झालं," स्वल्पविराम बसता बसता म्हणाले. "घंटी काळ्या यादीत गेली होती. आता पूर्ववत वाजते. दोन साक्षीदारांसमक्ष तपासली आहे. तेव्हा वाचनालय वगैरे प्रकार पुन्हा होणार नाही."

"छान झालं सर," बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, एक विचारू? घंटी चुकीच्या शब्दाला वाजते ना?"

"अर्थात."

"पण 'वाचनालय' हा शब्द तर बरोबर आहे. 'वही'सुद्धा. मग घंटी चांगली असती, तरी ती कशाला वाजली असती?"

एवढा आठवडा स्वल्पविराम कर्नलपर्यंत जाऊन आले होते, आणि एवढी साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आली नव्हती. की येऊ दिली नव्हती, कोण जाणे.

"मग बोलणाऱ्या सदस्यांनीच वाचनालय म्हटलं असणार," ते म्हणाले. "मी ऐकलं तेच लिहितो. जन्मभर तेच केलं."

बाईंनी ध्वनिमुद्रण लावलं. आरोग्य समितीचे सदस्य खोलीत बोलू लागले. बाजारामागच्या... आलयात, म्हणाले, पाण्याचा थेंब नाही.

"वाचनालयात," स्वल्पविराम म्हणाले. "स्वच्छ ऐकू येतंय."

बाईंनी शिपायाकडे पाहिलं. शिपाई खिडकीबाहेर बघू लागला. बाईंनी ते वाक्य पुन्हा लावलं, आवाज वाढवून. स्वल्पविरामांनी डोळे मिटले, मान डावीकडे झुकवली, मग उजवीकडे. तिसऱ्यांदा ते टेबलावर इतके ओणवे झाले, की कान यंत्राला टेकला. सदस्य ओरडून ओरडून सांगत होते आणि त्यांच्या शब्दाचं डोकं कुणीतरी नेमकं उडवत होतं. राहिलेल्या धडावर स्वल्पविराम आपल्याला आवडेल ते डोकं बसवत होते. वाचनालय. सभ्य शब्द.

"पुन्हा लावू का सर?"

"नको."

बाईंनी कंत्राटाचा कागद उचलला आणि खणात ठेवला. "आज नाही पाठवत मी हा. उद्या सकाळपर्यंत माझ्याकडेच राहू दे. तुम्ही काय ते मला लिहून कळवा, म्हणजे... तुमच्याकडून आलेलं बरं."

पहिल्या मसुद्याचा सूड घ्यायला याहून सोपी वेळ नव्हती. लाल पेन टेबलावर समोरच पडलं होतं आणि बाईंनी त्याला हात लावला नाही. ते स्वल्पविरामांना फार लागलं. दोन शब्द टाकून बोलल्या असत्या, तर निदान भांडता तरी आलं असतं.

घरी येऊन ते शर्ट न बदलता कॉम्प्युटरपाशी बसले. दार ओढून घेतलं नाही. त्यांनी इशाऱ्याच्या आवाजांची यादी काढली. काच निवडली, 'समीती' लिहिलं. काही नाही. थेंब निवडला. काही नाही. मग बायको स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून घेऊन त्यांनी कुत्रा निवडला.

कुत्रा भुंकला. अगदी स्पष्ट, समोर उभा असल्यासारखा, जाड आवाजात भुंकला. आठवडाभर वाट पाहिलेली घंटी अखेर त्यांच्या कानात शिरली, आणि ती ही अशी. त्यांनी दोन-तीनदा मुद्दाम चूक करून त्याला भुंकायला लावलं. मग ताठ बसले आणि सचिवबाईंना पत्र लिहायला घेतलं.

'महोदया, गेली अनेक वर्षे, आपल्या कार्यालयाने दाखवलेल्या विश्वासाबद्दल, मी ऋणी आहे. तथापि, प्रकृतीच्या कारणास्तव, पुढील वर्षी हे काम स्वीकारणे, मला शक्य होणार नाही.'

कुत्रा चूप होता. सगळे शब्द शुद्ध होते. स्वल्पविरामांनी पत्रावरून एकदा समाधानानं नजर फिरवली.

"टुण्," मागून कुणीतरी मोठ्यानं म्हणालं.

ते दचकून वळले. बायको हात पुसत पाठीमागे उभी होती, कुत्र्याच्या भुंकण्यानं बाहेर आली असावी. पत्र वाचून झालं होतं तिचं.

"काय?"

"टुण् म्हटलं."

"कुठे चुकलंय? शब्द बघ, एकूण एक शुद्ध आहे."

"शब्द शुद्धच आहेत हो," बायको म्हणाली. तिनं बोट पुढे करून 'प्रकृतीच्या कारणास्तव'वर ठेवलं, आणि ते काढलं नाही.

स्वल्पविराम चिडले. आयुष्यभर लोकांच्या कागदांवर त्यांनी बोटं ठेवली होती, त्यांच्या कागदावर कुणी ठेवलं नव्हतं. एरवी ते काहीतरी झणझणीत बोलले असते. पण तिच्या बोटाला साबणाचा वास येत होता, आणि धुण्याचं मशीन केव्हापासून बोंबलतंय हे इतके महिने ती एकटीच ऐकत आली होती, हे त्यांना तेव्हा एकदम कळलं. ते मागे गेले, शब्द खोडत खोडत पार 'तथापि'पर्यंत आले, तोही खोडला.

मग डोळे उघडे ठेवून, एकेक अक्षर बघत, त्यांनी लिहिलं: 'मला आता नीट ऐकू येत नाही'

"टुण् नाही?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"नाही," बायको त्यांच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली.

स्वल्पविरामांचं बोट सवयीनं स्वल्पविरामाकडे गेलं. त्यांनी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं, 'मला'नंतर, 'आता'नंतर, कुठेतरी क्षणभर थांबायला जागा निघते का ते पाहिलं. निघाली नाही. त्यांनी पूर्णविराम दिला.